पेशीला आटप लागतं

"शुद्ध पाण्याचा फ सात," धाकटी ताटल्या पुसता पुसता म्हणाली. "रक्ताचा फ त्याहून जरासा जास्त."

"आणि पोटातल्या आम्लाचा फ?" थोरलीने विचारलं.

"एक ते दोन."

"बरोब्बर!" थोरली म्हणाली, आणि आनंदाच्या भरात तिने पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली.

दारापाशी स्टुलावर बसून चहा पिणाऱ्या वन्संना ठसका लागला. चहा नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, कप कसाबसा ओट्यावर टेकला. दोघी जावा घाबरून पाठ चोळायला धावल्या, तर वन्सं हात झटकत म्हणाल्या, "थांबा गं! आधी सांगा, पाण्याचा कोण?"

"फ," धाकटी म्हणाली. "आम्ल किती तीव्र ते ज्याने मोजतात ना, तो आकडा." वन्संना अजून कळेना म्हणून तिने ओल्या बोटाने ओट्यावर दोन अक्षरं काढली. लहान p आणि मोठा H.

वन्संनी ती अक्षरं नीट पाहिली आणि मग अशा हसत सुटल्या की स्टूल करकरायला लागलं. "अगं, पीएच! पी, एच! फ काय फ!"

वन्सं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या असत आणि त्यासाठी रीतसर शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्याची सोय नव्हती. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. भावजयीची दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा म्हणून शुभेच्छा द्यायला त्या मुद्दाम वाकडी वाट करून आल्या होत्या. पण धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा तोंडी होती. आणि तिच्या तोंडात फ होता.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर धाकटी खुळी वाटेल. खुळी ती मुळीच नाही. इस्पितळाच्या तळघरात कपडे धुण्याची मोठी यंत्रं आहेत, माणूस आत उभा राहील एवढाल्या पिंपांची, आणि ती सगळी यंत्रं धाकटीच्या ताब्यात. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कपडे आणि प्रयोगशाळेतले पांढरे कोट. डागांची तिला नुसती पारख नव्हती, डागांशी तिचं वैर होतं. एकदा प्रयोगशाळेतल्या एका कोटावर जांभळा डाग आला आणि तो काही केल्या कशाला दाद देईना. साबण झाला, सोडा झाला, उकळतं पाणी झालं. धाकटीला तो अपमान वाटला. तिने फोनवर विचारून पाहिलं, इकडून तिकडे जात राहिली आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका साइटवर जाऊन पोचली.

सगळं फुकट. नाव सांगा नाही, नंबर द्या नाही. एक टकलू सर काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी रेणू काढत होते आणि खाली त्यांच्या बोलण्याच्या ओळी चक्क आपल्या भाषेत येत होत्या. कुणा उपकारी जिवांनी, ओळख ना देख, बसून त्या घातल्या होत्या. रंगाचा रेणू कापडाच्या धाग्याला कसा धरून बसतो ते त्या सरांनी चितारून दाखवलं. धाकटीने वर जाऊन स्पिरिट मागून आणलं, डागावर लावलं आणि डाग सुटला. डाग सुटला, पण धाकटी अडकली. पहिला धडा झाला म्हणून दुसरा पाहिला. अणू झाले, बंध झाले, आम्लं झाली, मग सर जिवंत पेशीत शिरले तशी तीही मागोमाग शिरली. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईला आपल्याच शरीरात एवढा कारखाना चाललाय हे प्रथमच कळत होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. म्हणून घरी आल्यावर ती थोरल्या जावेला सांगे. थोरलीला आधी कंटाळा आला, मग गोडी लागली, आणि शेवटी तीच परीक्षा घ्यायला लागली.

फक्त एक होतं. हे सगळं शिक्षण मुकं होतं. यंत्रांच्या धडधडीत सरांचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि यंत्राची शिटी ऐकू यायला हवी म्हणून कानात काही घालायला तिथे बंदी होती. त्यात फोन एकदा टबात पडून निघालेला. फोनवर बोलता येई, पण व्हिडिओचा आवाज कायमचा बुडाला होता. धाकटीचं काही अडलं नाही. ओळी होत्या, डोळे होते. मात्र त्या ओळी घालणाऱ्यांनी सोडियम, ग्लुकोज असे शब्द आपल्या लिपीत लिहिले होते आणि फळ्यावरच्या खुणा होत्या तशा ठेवल्या होत्या. मग धाकटीने त्या जशा दिसल्या तशा वाचल्या. बहिणीचे मेसेज इंग्रजी अक्षरांत येत, त्यात ph म्हणजे फ असायचा. इथेही तो फच झाला. मीठ झालं नाक्ल. दाहक सोडा झाला नाओह. एटीएमला ती आटम म्हणत नसे हे खरं, पण एटीएम तिने आधी ऐकलं होतं आणि मग वाचलं होतं. इथे सगळं उलटं होतं. लेखी परीक्षेतही ते कुठे उघडं पडलं नाही, कारण कागदाला कान नसतात. उलट लेखीत तिला भरघोस गुण मिळाले. इस्पितळाच्याच प्रयोगशाळा साहाय्यकाच्या अभ्यासक्रमाला आता तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. तेवढी पार पडली की ती तळघरातून वर जाणार होती. दुसऱ्यांचे कोट धुण्याऐवजी स्वतःचा कोट घालणार होती. नाही पडली, तर पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ती बसत नव्हती. ही एकच संधी होती, आणि ती उद्या सकाळी होती.

"बरं, अजून काय काय आहे तुमच्याकडे?" वन्संनी डोळे पुसत विचारलं. "सगळं बाहेर काढा. पेशी ऊर्जा कशात साठवते?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी हळूच म्हणाली, "आटपमध्ये."

"कशात?"

तिने पुन्हा ओट्यावर बोट चालवलं. A, T, P.

वन्सं बघतच राहिल्या. नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून सासूबाईंचा खडा आवाज आला, "आटपा गं आता! किती वेळ त्या ताटल्या पुसताय?" मग मात्र तिघींचा धीर सुटला. थोरली तर जमिनीवरच बसली. सासूबाईंच्या तोंडात हा शब्द सकाळी डोळे उघडल्यापासून असायचा. अंघोळ आटप, जेवण आटप, बोलणं आटप. फोनवर कुणी खुशाली विचारली तरी त्या म्हणत, चल, आटप, बिल वाढतंय. फळ्यावर ती तीन अक्षरं प्रथम दिसली तेव्हा धाकटीला कसलंही नवल वाटलं नव्हतं. ज्याच्याशिवाय पेशीत काही हलत नाही त्याचं नाव आटप असणार, नाहीतर काय असणार?

"हसण्यावारी नेऊ नका," वन्सं एकदम गंभीर झाल्या. "त्याला एटीपी म्हणतात. उद्या तिथे चुकून आटप म्हणालीस तर हाकलून देतील. बैस इथे."

वन्संनी आपल्या फोनवर टकलू सरांचा धडा लावला आणि आवाज मोठा केला. धाकटीने सरांचा आवाज आयुष्यात प्रथमच ऐकला. एवढे दिवस मनातल्या मनात तिने त्यांना भारदस्त, मुख्याध्यापकाला शोभेल असा आवाज देऊन ठेवला होता, आणि हे सर तर चिरक्या आवाजात, तोंडात घास असल्यासारखे भरभर बोलत होते. क्षणभर तिला फसवल्यासारखं वाटलं. मग त्यांचा लाल खडू मोडला, ते स्वतःशीच खुदकन हसले, आणि तिला ते आधीपेक्षा जास्त आवडले. पीएच, एटीपी, एडीपी, आरएनए. वन्सं विचारत गेल्या, धाकटी घोकत गेली. थोरली मध्येच म्हणाली, "वन्सं, मला आपलं नाक्लच बरं वाटतं हो," तर वन्संनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिकून काय डाग जास्त निघणार आहेत?" त्या म्हणाल्या. पण जाताना धाकटीचे सकाळचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवून गेल्या.

परीक्षा होती ती खोली इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या पलीकडे. बाहेरच्या बाकावर सगळी कोवळी मंडळी, तिच्या भाच्यांच्या वयाची. एका मुलीने तिला "मावशी, तुम्ही कुणाबरोबर आलात?" म्हणून विचारलंसुद्धा. धाकटीने हसून "माझ्याचबरोबर" असं सांगितलं. दाराशी एक शिपाई होता. त्याचा आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या रोग्यांनाही आपला नंबर लागला असं वाटावं.

आत टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक तरुण सर, चटपटीत, हातात पेन फिरवणारे. आणि शेजारी एक पिकल्या केसांच्या बाई, चष्म्याला दोरी लावलेली. मागे हिरवा फळा. धाकटी खुर्चीच्या टोकावर टेकली.

"पीएच म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

फ ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला आणि नीट उत्तर दिलं. सरांनी मान डोलावली.

"तुम्ही खाली धुलाईत आहात ना?" बाईंनी विचारलं. "मग सांगा, रक्ताचा डाग गार पाण्यात का धुवायचा?"

धाकटीला जरा हायसं वाटलं. "रक्तात प्रथिनं असतात. गरम पाणी लागलं की ती गोठतात आणि धाग्याला घट्ट बसतात, मग काही केल्या निघत नाहीत. गार पाण्यात सुटतात. राहिलं साहिलं तर पावडरीत विकर असतं, ते प्रथिनाचे बारीक तुकडे करतं."

"विकर?" सर म्हणाले. "म्हणजे एन्झाइम. बरोबर आहे. आता हे सांगा, ग्लुकोज तुटल्यावर मिळणारी ऊर्जा पेशी कशात साठवते?"

अहो, हे तर तिला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं! तो रेणू जसाच्या तसा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, शेपटासकट. आणि नाव सापडेना. काल संध्याकाळी कोंबलेली ती सगळी एकेकटी अक्षरं, शर्टांची तुटलेली बटणं यंत्राच्या पिंपात खडखडावीत तशी डोक्यात फिरायला लागली.

"एपीटी," ती म्हणाली. "नाही. पीटीए. थांबा हं. टी..."

सरांचं पेन फिरायचं थांबलं. "नक्की काय?"

तिला तळघर दिसायला लागलं, जन्मभराचं. तेवढ्यात बाहेर शिपायाने कुणालातरी हाकारलं, "चला, चला, आटपा! आटपा लवकर!"

"आटप!" धाकटी ओरडली, आणि तिने टेबलावर हात आपटला.

सरांच्या भुवया कपाळावर चढल्या. बाईंनी चष्मा काढला, दोरीवर सोडला आणि धाकटीकडे निरखून पाहिलं.

"आम्हाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "निदान आटपा तरी म्हणायचं. मी वयाने मोठी आहे."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्संनी घातलेली ताकीद आठवली, हाकलून देतील. मग तिच्या मनात आलं, नाहीतरी तोंडातून गेलंच आहे, आता उरलेलं तरी पोटात का ठेवा? ती उठली.

"खडू घेऊ का?"

बाईंनी हातानेच घ्या म्हटलं. धाकटीने फळ्यावर रेणू काढायला घेतला. टकलू सर काढायचे तसंच तिने काढलं. आधी दोन जोडलेली कडी, मग साखरेचा पंचकोन, मग शेपूट. शेपटाला तीन फॉस्फेट.

"हा आटप," ती म्हणाली. "ह्या तिघांवर सारखाच ऋण भार, म्हणून एकमेकांशी पटत नाही. एका बाकावर तीन भांडकुदळ बसवल्यासारखं आहे. टोकाचा एक पाण्याने सुटला की ऊर्जा मिळते. मागे राहतो तो आदप, दोन फॉस्फेटवाला. मग आपण खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा घेऊन पेशी त्याला पुन्हा तिसरा चिकटवते, की झाला परत आटप. दिवसभर तेच चालू. स्नायू हलवायचाय? आटप. प्रथिन बांधायचंय? आटप. त्याच्याशिवाय पेशीत पान हलत नाही."

आणि तिने चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ATP. त्याच्या शेजारी ADP.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओठ हलवत त्यांनी अक्षरं लावून पाहिली. "आ... ट... प," त्या म्हणाल्या. "आ... द... प." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सरांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

धाकटीने सगळं सांगून टाकलं. जांभळा डाग, टकलू सर, फुकटची साइट, धडधडणारी यंत्रं, बुडालेला आवाज. पाण्याचा फसुद्धा सांगितला. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्या पुढे झुकल्या.

"आता मी विचारते ते नीट ऐका. बंध तुटताना ऊर्जा मिळते की लागते?"

धाकटी उत्तर द्यायला निघाली आणि थबकली. हा खड्डा तिच्या ओळखीचा होता. टकलू सर ह्या जागी दरवेळी लाल खडूने एक रडका चेहरा काढायचे, कारण इथे सगळेच पडतात.

"तोडायला लागतेच," ती सावकाश म्हणाली. "कुठलाही बंध फुकट तुटत नाही. पण सुटल्यावर नवे बंध जुळतात, पाणी जवळ येतं, सारखे भार लांब जातात. त्यात तोडायला लागली त्याहून जास्त मिळते. तुटण्याने मिळते असं आपण नुसतं म्हणतो. मिळते ती सगळ्याचा हिशेब लागल्यावर."

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "एक शेवटचं," ते आता अगदी मऊ आवाजात म्हणाले. "ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन शेवटच्या साखळीपर्यंत कोण वाहून नेतं?"

धाकटीने पुष्कळ आठवून पाहिलं. "ते मला येत नाही," ती म्हणाली. "त्या धड्याखाली आपल्या भाषेतल्या ओळी अजून कुणी घातलेल्या नाहीत."

"बाहेर बसा," बाई म्हणाल्या.

ती बाहेर बसली. शेवटचं उत्तर आलं नाही, आधी एपीटी-पीटीए झालं, वर परीक्षकांना आटप म्हणून झालं; धाकटीने मनातल्या मनात तळघराच्या पायऱ्या उतरायला सुरुवात केली होती. मंडळी एकेक करून आत जाऊन आली, बाक रिकामा होत गेला, आणि मग त्या शिपायाने दणदणीत आवाजात तिलाच पुकारलं.

बाई उभ्या होत्या. फळा कुणी पुसला नव्हता. आटपचं चित्र तसंच होतं.

"जागा तुमची," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वेळेवर या. येताना आवाज असलेला फोन घेऊन या. आणि इलेक्ट्रॉन कोण नेतं ते इथे शिकलात, की त्या धड्याखालच्या ओळी तुम्ही घालायच्या. ठरलं?"

धाकटीने मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि रडायचं नव्हतं. जिन्याकडे जाताना मात्र ती धावत सुटली. प्रयोगशाळेच्या दारातून चार-पाच कोट खुंटीला टांगलेले दिसले. एकावर कोपराशी जांभळा ठिपका होता. तिने त्या ठिपक्याला जीभ काढून दाखवली.

घरी दार उघडंच होतं. थोरली उंबऱ्यात, वन्सं दुकानातून तासाभराची सुट्टी काढून आलेल्या, आणि सासूबाई खुर्चीत. धाकटीचा चेहरा बघून कुणाला काही विचारावंच लागलं नाही. थोरलीने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी कोलमडून सोफ्यावर पडल्या. वन्सं एकीकडे डोळे पुसत होत्या, एकीकडे विचारत होत्या, "एटीपी म्हणालीस ना? एटीपीच म्हणालीस ना गं?"

"नाही वन्सं," धाकटी धापा टाकत म्हणाली. "आटप म्हणाले. टेबलावर हात आपटून म्हणाले. आणि त्यावरच जागा मिळाली."

वन्संनी कपाळावर हात मारला. सासूबाईंना कशाचाच पत्ता लागत नव्हता, म्हणून थोरलीने त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आपल्या अंगात कोट्यवधी पेशी असतात, त्यांना काम करायला एक गोष्ट लागते, ती नसली तर माणूस जागचा हलणार नाही, आणि तिचं नाव आटप.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, धाकटीजवळ आल्या आणि तिच्या विस्कटलेल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. शेजारच्या बाई आवाज ऐकून दारात आल्या होत्या, त्यांच्याकडे वळून त्या मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "लग्न होऊन आली तेव्हापासून मी हिला तेच शिकवतेय. आज पास झाली."